ऊस म्हणजे भिंत

पहाटे उसाच्या ट्रॅक्टरने जाग आली आणि कळले, यंदाचा हंगाम सुरू झाला. मागे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आमच्या गारगोटी रस्त्याच्या चढाला लागला की त्याचा आवाज बदलतो. आधी नुसती गुरगुर, मग धापा. त्यावर कर्कश गाणी. खिडकीच्या काचा थरथरतात आणि मांडणीतल्या कपबश्या एकमेकींना लागून किणकिणतात. शहरात शाहूपुरीत राहत होतो तेव्हा हा आवाज लांबून यायचा आणि गोड वाटायचा. निवृत्तीनंतर इकडे शेताच्या कडेला घर बांधले, तेव्हापासून तो अंगावर येतो. बाहेरच्या माणसाला या दिवसांत कोल्हापुरात फक्त गुऱ्हाळांचा गोड वास येतो. मला त्या वासाखालून दुसराही एक येतो, उसाच्या वाळलेल्या पाल्याचा, पाचटाचा. तो आला की माझा हात आपोआप गळ्याशी जातो, शिट्टी शोधायला. शिट्टी आता तिथे नसते.

ओजस, सई, तुम्हाला हे लिहायला बसले त्याला ओजसचा फोन कारण झाला. गेल्या रविवारी तो सातासमुद्रापलीकडून रडवेल्या आवाजात सांगत होता. बेसबॉलच्या सामन्यात त्याने मारलेला चेंडू कुंपणापलीकडे गेला. तो सरळ हवेतून गेला, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. अंपायर म्हणाले, आधी जमिनीला लागला, मग उडून गेला. पूर्ण फेरीचा होमरन नाही, दोनच बेस. सामना गेला. बाकावरचे आईबाप ओरडले, प्रशिक्षक भांडले, अंपायर ढिम्म. हे सगळे ओजसने त्याच्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत, पण एकही तपशील न सोडता सांगितले. मी ऐकून घेतले आणि विचारले, "कुंपणापलीकडे काय आहे रे?"

तो म्हणाला, "आजी, तू ऐकतच नाहीस. पलीकडे काय आहे त्याने काय फरक पडतो?"

बाळा, मी नीट ऐकत होते. पण तो फरक फोनवर सांगता येण्यासारखा नव्हता.

ऊस तुम्ही पाहिलेला आहे, पण गाडीतून. रस्त्यावरून तो हिरवा आणि एकसारखा दिसतो. त्याच्या कडेला पायी उभे राहावे तेव्हा कळते की त्याला आत आहे. घराला असते तसे आत. पहिल्या सरीपर्यंत उजेड जातो, दुसऱ्या सरीत तो हिरवट होतो, आणि तिसरीनंतर नजर पुढे जातच नाही. वारा नसला तरी आत काहीतरी खसखसत असते. पाती करवतीसारखी असतात. ज्वारीत शिरलेले माणूस डोक्यावरून ओळखू येते. उसात शिरलेला हत्तीही दिसायचा नाही. आणि हे सगळे आमच्या शाळेच्या मैदानाला लागून होते. आमच्या म्हणजे घरासमोरच्या माध्यमिक शाळेच्या. मध्ये कुंपण नाही, तार नाही. पाण्याचा एक पाट, त्याचा बांध, आणि बांधापलीकडे लगेच आण्णांचा ऊस.

कोल्हापुरात मुली बेसबॉल खेळतात, याचे तुमच्या बाबांनाही आश्चर्य वाटले होते. त्यात आश्चर्य काही नाही. इथे माती आहे, पोरींच्या दंडात जोर आहे, आणि शिंदे सरांसारखा एखादा क्रीडाशिक्षक आहे, जो कुठल्याशा शिबिराहून येताना एक ॲल्युमिनियमची बॅट आणि पोतेभर उत्साह घेऊन येतो. धावताना गाठायच्या चार बेसांसाठी जुन्या टायरचे कापलेले तुकडे. रेघा पांढऱ्या फक्कीच्या. हातमोजे सगळ्यांना पुरत नसत. डाव संपला की एका संघाच्या पोरी ते काढून जमिनीवर ठेवत आणि दुसऱ्या संघाच्या पोरी त्यातच घामेजलेले हात घालत.

सर शिकवायचे छान, पण अंपायर म्हणून ते टिकेनात. प्रत्येक निर्णयावर पोरी त्यांना घेरायच्या. "सर, तुमी तिकडं बगतच न्हवता की." सरही त्यांच्याशी भांडत बसायचे आणि अंधार पडायचा. एके दिवशी ते आमच्या दारात आले. नियमांचे पुस्तक इंग्रजीत होते, ते मराठीत सांगाल का, एवढेच त्यांनी विचारले. मी जन्मभर इंग्रजी शिकवले आहे आणि माझ्या कपाटातल्या साड्याही रंगांच्या क्रमाने असतात. असे पुस्तक माझ्या हाती पडले की काय होणार, हे त्यांना ठाऊक असावे. मी ते वाचले, पुन्हा वाचले, मैदानावर जाऊन समजावून सांगितले, आणि पोरींनीच ठरवले की बाईच अंपायर. बाईंशी कोणी उलट बोलत नाही, हे त्यामागचे कारण. बाबांनी तुमच्या तिकडून निळी टोपी पाठवली. सुती साडी, कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि अंपायरची टोपी असा माझा अवतार झाला. रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावरची माणसे चार दिवस हसली. मग तीच सामना बघायला थांबू लागली.

पुस्तकात एक गोष्ट मला फार आवडली होती. प्रत्येक मैदान वेगळे असते. कुठे झाड असते, कुठे छप्पर, कुठे डबके. म्हणून खेळ सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी बसून त्या मैदानापुरते नियम ठरवून घ्यायचे. इतका समंजसपणा मी व्याकरणातही पाहिला नव्हता. पण आमच्या मैदानाचा नियम पोरींनी मी येण्याआधीच ठरवून टाकला होता: चेंडू उसात गेला तर शोधायचा. जिच्या बाजूला गेला तिने आत शिरायचे, आणि ती चेंडू घेऊन बाहेर येईपर्यंत मारणारीने बेसवरून पळत राहायचे. आत गेलेली पोर गालावर, दंडावर लाल ओरखडे घेऊन बाहेर यायची आणि तिला त्याचा अभिमान असायचा.

सगळ्यात जास्त ओरखडे अल्फियाचे. दहावीतली मुलगी, काटकुळी, लांब पायांची. वडिलांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान, आई घरी शिलाई करायची. तिला नेहमी उसाच्या बाजूला, सगळ्यात लांब उभे करत, कारण तिच्याइतके पळणारी दुसरी नव्हती. चेंडू उसात शिरला की तीही त्याच वेगाने आत शिरायची. पाते बाजूला करायलासुद्धा थांबायची नाही. तेव्हा मला ते पाहून कौतुक वाटायचे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर तीच गोष्ट आठवून मी रात्री उठून बसायचे.

मग पावणं आलं.

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. त्या वर्षी दिवाळीनंतर लोक बिबट्यालाही पावणं म्हणू लागले. त्याचे नाव घेतले की तो येतो, असे काही जणांना वाटायचे. बाकीचे नुसते त्यांचे ऐकून म्हणायचे. पहिल्यांदा वरच्या वस्तीवरचे कुत्रे गेले. मग पाटाच्या चिखलात ठसा उमटलेला सापडला. पाण्याने त्याच्या कडा ढासळल्या होत्या. चहाच्या गाड्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, बिबट्या. दुसरा म्हणायचा, तरस, न्हायतर मोठं कुत्रं. आपला एवढा राबता असताना कोणाला तो दिसला कसा नाही, असे कोणी विचारले, तर चहावाला म्हणाला, "त्यो काय आधार कार्ड दाखवून जातोय व्हय?" हशा झाला. पण हसणारी माणसे घरी जाताना मोबाईलवर गाणी लावून, घोळक्याने जाऊ लागली. बायका टाळ्या वाजवत पाण्याला जात. दुसऱ्याच कुठल्यातरी जिल्ह्यातल्या बिबट्याची चित्रफीत आमच्या पाटाची म्हणून प्रत्येकाच्या फोनवर फिरली. ती खोटी आहे हे मला कळत होते. तरी मी ती पुन्हा पुन्हा पाहिली.

वनखात्याने पिंजरा लावला. आत बांधलेली शेळी दिवसभर ओरडायची. काही दिवसांनी शेळी कंटाळून गप्प झाली, आणि मग ती शांतताच जास्त नकोशी वाटू लागली.

एकेक पोर मैदानावरून कमी होऊ लागली. कोणाचे वडील नको म्हणाले, कोणाच्या आजीने शपथ घातली. शिंदे सर हातापाया पडून संघ गोळा ठेवत होते, कारण पेठ वडगावच्या मुलींशी सामना ठरला होता, आणि जिंकणारा संघ पुढे जिल्ह्याला जाणार होता. एका दुपारी अल्फियाची आई माझ्याकडे आली. हातात माझाच शिवायला दिलेला ब्लाऊज होता, पण ती त्यासाठी आली नव्हती. बसायला नको म्हणाली. लेकीला खेळू नको म्हटले तर ती जेवत नाही, आणि खेळायला पाठवले तर आपल्याला घास जात नाही, असे तिने खाली बघून सांगितले. मग एकच वाक्य विचारले.

"बाई, तुमी असणार न्हवं तितं?"

मी म्हणाले, मी आहे. पोर उसात पाऊल टाकणार नाही.

त्या संध्याकाळी मी पोरींना पाटाच्या काठावर बसवले आणि मैदानाचा नियम बदलला. ऊस म्हणजे भिंत. चेंडू हवेतून थेट उसात पडला तर होमरन. सगळ्यांनी सावकाश बेस फिरून घरी, म्हणजे मारायच्या जागी, यायचे. टप्पा पडून आत गेला तर दोन बेस. पाटाच्या अलीकडे राहिला तर खेळ चालू. आणि काहीही झाले तरी भिंतीत कोणी शिरत नसते, कारण भिंतीत शिरताच येत नाही. आत गेलेला चेंडू गेला. पोरींनी पाटाच्या अलीकडच्या अंगाला फक्कीची जाड रेघ ओढली. घरोघरी हा नियम सांगितला गेला आणि त्या एका नियमावर गेलेल्या पोरी परत आल्या.

नियम बदलला की खेळ बदलतो, हे पुस्तकात नव्हते. आता ज्या त्या पोरीला उसाकडेच मारायचे असायचे. पूर्वी उसात गेलेला चेंडू अल्फिया वाऱ्यासारखी जाऊन आणायची आणि मारणारीला दुसऱ्या बेसवरच गाठायची. आता तिला रेघेवर थांबून नुसते बघावे लागायचे. तिचे सगळे कसब मी एका रेघेने पुसून टाकले होते. ती उघड काही बोलली नाही. एकदा मात्र चेंडू आत गेल्यावर फक्कीवर उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "भिंतीला पानं हायत, बाई." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण हसताना माझे डोळे तिच्या मागच्या सरीवर होते.

तुम्हाला वाटेल, आजीला बिबट्याची इतकी भीती होती, तर तो ऊसच का नाही तोडून घेतला? मी तेही करून पाहिले. आण्णा म्हणजे उसाचे मालक, माझ्याच वयाचे, मोठ्या आवाजाचे. मी त्यांच्या दारात जाऊन म्हणाले, मैदानाकडची एवढी पट्टी तरी आधी काढा. त्यांनी मला खुर्ची दिली, ताक दिले आणि सांगितले, "बाई, कारखान्याची तोड आल्याबिगार कोयता लावता येत न्हाय. पाळी हाय ती. पावण्यासाठनं कोण पाळी मोडतंय?" तोडलेला ऊस दारात ठेवून चालत नाही, तो वाळतो, वजन घटते. कारखान्याने तोडकऱ्यांची टोळी पाठवली की मगच तोड. तोपर्यंत भीतीनेही रांगेत उभे राहायचे.

टोळी आली ती सामन्याच्या आठवड्यात. मला वाटले, सुटलो. पण त्यांनी तोड सुरू केली रस्त्याच्या बाजूने, कारण ट्रॉली तिथेच लागत होती. रोज फड थोडा थोडा मोकळा होत गेला. माझ्या गच्चीवरून दिसायचे, पलीकडून उजेड आमच्याकडे सरकत येत होता. बघणाऱ्याला बरे वाटावे असेच ते दृश्य. मला मात्र रोज जास्त भीती वाटू लागली. एवढ्या मोठ्या रानात जे काही लपलेले असेल, ते कोयत्यांच्या आवाजापुढून मागे मागे सरत असणार. आणि मागे म्हणजे आमचे मैदान. ऊस जितका कमी उरत होता, तितके त्यातले पावणं आम्हाला जवळ येत होते. मी हे सरांना बोलून दाखवले. सर म्हणाले, बाई, तुम्ही फार विचार करता.

असेल. विचार करणे हाच माझा जन्मभराचा धंदा. तुम्ही दोघे पहिल्यांदा विमानात बसून गेलात, तेव्हा मी घड्याळ पुढ्यात ठेवून बसले होते. बाबांचा 'पोचलो' असा निरोप आला, तरी मी ते घड्याळ संध्याकाळपर्यंत जागेवर ठेवले नाही. माणूस पोचला म्हणून भीती संपते असे नाही. तिला नवीन पत्ता मिळतो. इथून मला तुमचे अंगण दिसत नाही, शाळेची बस दिसत नाही, तुम्ही रस्ता ओलांडताना कोणीकडे बघता ते दिसत नाही. समोर दिसणाऱ्या उसाचा निदान नियम तरी करता येतो.

सामन्याच्या दिवशी वडगावच्या पोरी टेम्पोतून गात आल्या. त्यांच्या सरांना मी मैदान फिरून दाखवले, रेघ दाखवली, नियम सांगितला. ते हसले, म्हणाले, आमच्याकडे एका बाजूला विहीर आहे, आमचाही असाच नियम आहे. उसाची आता एक पट्टी तेवढी उरली होती, मैदानाला समांतर, एखाद्या गल्लीएवढी रुंद. पलीकडे तोडलेले रान बोडके दिसत होते. दुपारपर्यंत कोयत्यांचा आवाज येत होता. मग टोळी मोळ्या ट्रॉलीत भरायला रस्त्याकडे गेली आणि तो आवाज थांबला.

सामना चांगला झाला. कोणाचे किती, हे लिहीत नाही. शेवटच्या डावात आमच्या पोरी एकाच धावेने पुढे होत्या, वडगावची एक मुलगी बेसवर होती आणि त्यांची सगळ्यात दणकट पोर बॅट घेऊन उभी होती, एवढे समजले तरी पुरे. होमरन झाला तर त्यांच्या दोन धावा, आणि आमचे वर्ष संपले. चेंडू पाटाच्या अलीकडे राहिला तर अल्फिया तो उचलून फेकणार, आणि तिचा हात मला ठाऊक होता.

सूर्य उसाच्या जरासा वर उतरला होता. त्याची तिरीप थेट माझ्या डोळ्यांत येत होती. बॅटचा आवाज झाला आणि चेंडू उंच, उसाच्या दिशेने गेला. मी मान वर केली, आणि चेंडू त्या उजेडात शिरून दिसेनासा झाला. खाली मात्र सगळे स्वच्छ दिसत होते. अल्फिया पळत होती. पाठ माझ्याकडे, वेणी हवेत, तोंड उसाकडे. आणि तिच्या समोर, उसाचे तुरे हलत होते.

वारा नव्हता. फक्कीची धूळ जिथल्या तिथे बसत होती. आणि वाऱ्याने हलतात तसे ते हलतही नव्हते. एक तुरा झुकला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. एका रेषेत. अल्फिया पळत होती त्याच बाजूला.

माझा हात वर गेला होता. बोट उभे करून डोक्यावर गोल फिरवले की होमरन. मी ते फिरवत होते आणि शिट्टी विसरून, माझ्या सगळ्या आयुष्यात ओरडले नसेन इतक्या मोठ्याने ओरडत होते.

"होमरन! होमरन! थांब, अल्फिया, होमरन!"

ती थांबली. रेघेच्या पुढे, पाटाच्या अगदी काठावर. वडगावच्या पोरी नाचत नाचत घरी आल्या. तुरे स्थिर झाले. अल्फियाने खाली वाकून काहीतरी उचलले आणि ती चालत मैदानाच्या मध्यापर्यंत आली. मग हात वर केला. हातात चेंडू होता.

पुढे जे झाले, त्याला तुमच्याकडच्या बाकावरचे आईबाप लाजतील. आमच्या पोरी सांगत होत्या, बॉल पाटाच्या अलीकडेच पडला, फक्की उडालेली आम्ही बघितली. वडगावच्या म्हणत होत्या, उसाला लागून मागे आला. शिंदे सरांचा चेहरा पडला. ते मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, अजून बदलता येईल. वडगावचे सर म्हणाले, पुस्तक काय म्हणते ते बाईंनीच सांगावे. पुस्तक म्हणते, जे अंपायरच्या डोळ्यांवर सोपवले आहे, त्यावर वाद नाही. ते मीच या पोरींना शिकवले होते.

अल्फिया सगळ्यांत शेवटी आली. ती रडत नव्हती.

"बाई, एवढंच सांगा. बॉल पडताना तुमी बघितला?"

मी म्हणाले, "अंपायरचा निर्णय झाला आहे."

तिने चेंडू माझ्या पायाशी ठेवला. फेकला नाही, ठेवला. आणि ती दप्तर उचलून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी त्या शेवटच्या पट्टीत शिरली. मी चहा न घेता पाटावर जाऊन उभी राहिले. शिंदे सर आले, आण्णा आले, चहावाला आला, वनखात्याचा एक माणूस काठी घेऊन आला. कोयते चालत होते, ऊस आडवा पडत होता. दोन्ही बाजूंचा उजेड एकमेकांना भेटत आला. शेवटची सरी पडली आणि पलीकडे रस्ता दिसला, रस्त्यावर उभी ट्रॉली दिसली. आत काही नव्हते.

चेंडू तेवढे सापडले. हंगामभर भिंतीत गेलेले सगळे होमरन. काही पाटाच्या पाण्याने काळे पडलेले, काही उंदरांनी कुरतडून आतला धागा बाहेर आलेले. टोळीतल्या बायका ते पदरात गोळा करून आणत होत्या आणि हसत होत्या, उसाला कसली फळे लागली म्हणून. एका जागी मात्र त्या हसायच्या थांबल्या. तिथले पाचट दाबून सपाट झाले होते, ताटाएवढे नाही, चांगले पसरट, कोणी रोज निजत असावे तसे. मुकादम म्हणाला, कुत्रे असेल. त्याची बायको बीडकडची. तिने तान्हे मूल ट्रॉलीखालच्या झोळीतून काढले आणि पाठीशी बांधून घेतले. वनखात्याच्या माणसाने काठीने पाचट उकरले, वास घेतला, आणि सांगता येत नाही म्हणाला. आजही कोणाला सांगता आलेले नाही. चहाच्या गाड्यावर ते दोन पक्ष अजून आहेत.

अल्फिया कधी येऊन माझ्याशेजारी उभी राहिली, कळले नाही. ती त्या जागेकडे बघत होती. मी तिला न विचारता सांगितले, "मी चेंडू बघितला नाही. मी तुला बघत होते."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "मलाबी बॉल दिसला न्हवता, बाई. मला वाटलं आतच गेला. तुमी वराडला, मी थांबलो, म्हणून पायाशी दिसला."

आमच्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात, तुमची आत्याही बोलायची. मी तिचे बोलणे दुरुस्त केले नाही. मला दुसरेच ऐकू आले होते.

"मग तू पळत कुठे होतीस?"

"आत."

"आपली भिंत ठरली होती ना?"

"शेवटचा डाव हुता की." तिने पायाने एक ढेकूळ फोडले. "आवाज बी आला हुता. पाचट वाजल्यागत. आपल्या म्होरंच."

"आणि तरी?"

"तरी गेलो असतो," अल्फिया म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हते.

मी बांधावर खाली बसले. तोपर्यंत मला वाटत होते, भीती त्या उसात आहे, ऊस गेला की ती जाईल. ती उसात नव्हतीच. ती माझ्याशेजारी उभी होती, दहावीतल्या मुलीच्या लांब पायांत, जे नियम माहीत असून, आवाज ऐकून, पळतच राहणार होते. ती म्हणाली, बाई, काय होतंय? पाणी आणू? मी म्हणाले, काही नाही. घरी जा, आई वाट बघत असेल. मग म्हणाले, थांब, मी येते तुझ्याबरोबर.

त्याला आता काही वर्षे झाली. अल्फिया कॉलेजला जाते आणि रविवारी लहान पोरींचा बेसबॉल घेते. निळी टोपी तिच्याकडे आहे. माझे गुडघे थकले, म्हणून मी कडेला खुर्ची टाकून बसते. आण्णांनी यंदाही तिथे ऊसच लावला आहे, वरच्या वस्तीवरचे एक कुत्रे यंदाही दिसेनासे झाले आहे, आणि नियम तोच आहे. परवाच्या रविवारी एका चिमुरडीने उसाकडे उंच चेंडू मारला. सगळ्या पोरींच्या माना वर गेल्या. बघायला आलेल्या माणसांच्याही गेल्या, माझीही गेली. एका अल्फियाची तेवढी गेली नाही. ती टोपीच्या खालून रेघेकडे पळणाऱ्या पोरीला बघत होती, आणि तिचे बोट आधीच वर गेले होते. मग वाद झाला, व्हायचा तो.

ओजस, तुझा चेंडू सरळ गेला की टप्पा पडून, ते मी इथून सांगू शकत नाही. तू सरळ म्हणतोस, मी तुझ्यावर विश्वास ठेवते. तुझ्या अंपायरचे डोळे त्या वेळी कुठे होते, तेही मला माहीत नाही. पण मी विचारलेल्याचे उत्तर तू अजून दिलेले नाहीस. तुझ्या मैदानाच्या कुंपणापलीकडे काय आहे? रस्ता आहे, पाणी आहे, की झाडी? आणि चेंडू तिकडे गेला, की तो आणायला कोण जाते?